थंडी मिळाली तरच फुलणारा सायबेरियन आयरिस

न्यू जर्सी, मिशिगन किंवा टोरंटोच्या उपनगरात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना एक कोडं हमखास पडतं. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या अंगणात दर जूनमध्ये निळ्याजांभळ्या फुलांचं बेट डोलत असतं. त्याला कुणी खत घालत नाही, हिवाळ्यात कुणी झाकत नाही, त्यावर बर्फ साचून राहतो. हरणं गुलाब आणि टोमॅटो फस्त करतात, या बेटाकडे मात्र फिरकत नाहीत. ते पाहून आपणही तेच झाड हौसेनं आणतो, घराच्या कडेला सावलीत लावतो, भरपूर खत देतो. पाती हिरवीगार येतात आणि फुलाचा पत्ता नसतो. दोन वर्षं, तीन वर्षं, तरीही नाही. आणि जर कुणी त्याचा तुकडा पुण्याला नेलाच, तर तिथे तो फुलण्याची आशाच नको.

हे झाड सायबेरियन आयरिस. त्याला जपावं लागत नाही, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण त्याच्या वर्षाचं एक वेळापत्रक आहे. ते समजलं की कुठे लावायचं, कधी पाणी द्यायचं आणि कधी त्याला अजिबात हात लावायचा नाही, हे सगळं आपोआप सुचतं.

नाव सायबेरियाचं, घर ओल्या कुरणांचं

सायबेरियन आयरिस म्हणून बागेत जे लावलं जातं ते बहुतेक दोन रानटी जातींच्या संकरातून आलेलं आहे. पहिली आयरिस सिबिरिका. कार्ल लिनियसनं 1753 साली तिचं वर्णन केलं. ती मध्य आणि पूर्व युरोपपासून तुर्कस्तान, कॉकेशस आणि पश्चिम सायबेरियापर्यंत सापडते. दुसरी आयरिस सँग्विनिया. तिचं घर पूर्व सायबेरिया, मंगोलिया, चीन, कोरिया आणि जपान. दोघीही वाढतात त्या जागा सारख्याच आहेत: ओली कुरणं, ओढ्याकाठचे उतार, वितळत्या बर्फाचं पाणी वसंतात मुरत राहतं अशा जमिनी. वरून ऊन थेट मिळतं, खाली मुळांना ओल मिळते, आणि हिवाळ्यात सगळं गोठून जातं.

या गटाच्या आणखी काही बहिणी चीनच्या युन्नान आणि सिचुआन प्रांतांतल्या डोंगरांत राहतात आणि एक चक्क आपल्याकडे आहे. सिक्कीम, दार्जिलिंग आणि भूतानच्या उंच ओल्या कुरणांत आयरिस क्लार्कीची निळीजांभळी फुलं उमलतात. बंगालच्या शिक्षण खात्यात नोकरी करता करता आयुष्यभर वनस्पती गोळा करणाऱ्या चार्ल्स बॅरन क्लार्क यांचं नाव तिला मिळालं. बाकीच्या बहुतेक बहिणींचा फुलाचा दांडा पोकळ असतो, क्लार्कीचा भरीव असतो. सायबेरियन आयरिसच्या कुळातलं एक घर भारतात आहे, ही गोष्ट अमेरिकेतल्या बागप्रेमींना ठाऊक असते आणि आपल्याला बहुधा नसते.

एका फुलात तीन दरवाजे

आयरिसचं फूल पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते गुंतागुंतीचं वाटतं. तीन पाकळ्या खाली झुकलेल्या, तीन वर उभ्या, आणि मधोमध आणखी तीन छोट्या पाकळ्या. या मधल्या तीन मात्र पाकळ्या नाहीतच. केशराच्या फुलातल्या ज्या लाल काड्या आपण दुधात घालतो, तो फुलाचा पराग टिपणारा भाग असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला कुक्षी म्हणतात. केशर आणि आयरिस एकाच कुळातले. केशरात हा भाग आणि त्याला धरणारा देठ काडीसारखा बारीक राहिला, आयरिसमध्ये तो देठच रुंद, चपटा आणि रंगीत होऊन छपरासारखा पसरला.

खालची झुकलेली पाकळी हा ओटा आणि वरचं ते छप्पर. दोन्हींच्या मध्ये एक अरुंद बोगदा तयार होतो आणि पुंकेसर त्या बोगद्याच्या छताला लपून बसलेला असतो. अशी तीन दालनं एका फुलात असतात, आणि कीटकाच्या दृष्टीनं ती तीन वेगवेगळी फुलंच ठरतात.

थंड प्रदेशातली गुबगुबीत, केसाळ बंबलबी ओट्यावर उतरते. पाकळीवरच्या पांढऱ्या-पिवळ्या डागावरून निघालेल्या गडद शिरा तिला आतल्या मधाची वाट दाखवतात. आत घुसताना तिच्या पाठीला आधी छपराच्या टोकाशी असलेली बारीक पट्टी लागते. हीच कुक्षी. आधीच्या फुलातून पाठीवर आलेला पराग त्या पट्टीवर पुसला जातो. मग बंबलबी आणखी आत जाते आणि पाठ परागकोशाला घासून नवा पराग घेते. बाहेर पडताना ती पट्टी उलट बाजूनं दाबली जाते, आणि पराग टिपणारी बाजू नेमकी तेव्हा तिच्या पाठीला लागत नाही. म्हणजे फुलाचा स्वतःचा पराग स्वतःच्याच कुक्षीवर सहसा पडत नाही. जूनमध्ये या बेटाशेजारी उभं राहून दहा मिनिटं पाहिलं तर हा सगळा व्यवहार डोळ्यांदेखत घडतो. तो पाहण्यासाठी तरी हे झाड अंगणात असावं असं मला वाटतं.

थंडी कशासाठी?

आता पुण्याच्या प्रश्नाकडे येऊ. तिथे हे झाड मरतंच असं नाही, पण फुलत नाही. का?

शरदात दिवस लहान होऊ लागले की आयरिसच्या पात्यांमधलं अन्न जमिनीखालच्या आडव्या खोडात उतरतं. पाती तपकिरी होऊन आडवी पडतात. आडव्या खोडावरचे कोंब झोपी जातात, आणि ही झोप साधी नसते. शरदात चुकून चार उबदार दिवस आले म्हणून कोंब फुटले असते, तर पुढच्या हिमात ते जळून गेले असते. म्हणून वाढ रोखणारी रसायनं कोंबांना कुलूप घालतात, आणि ते कुलूप उघडायला आठवडेच्या आठवडे सलग थंडी लागते.

बऱ्याच थंड प्रदेशीय वनस्पतींमध्ये फुलण्याचा निर्णयही थंडीवरच अवलंबून असतो. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिस नावाच्या एका छोट्याशा तणावर याचा खोल अभ्यास झाला आहे. त्याच्या पेशींत फुलोरा अडवून धरणारं एक जनुक असतं. एका रात्रीच्या थंडीनं ते हलत नाही. थंडी आठवडे टिकली की ते हळूहळू मिटत जातं, आणि मिटलं की ऊब आल्यावरही मिटलेलंच राहतं. म्हणजे झाड हिवाळा संपल्याची खात्री करून घेतं आणि मगच फुलतं.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ हिमकण पडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. पण ती एका पहाटेची थंडी असते. दुपारी तिथे लख्ख ऊन असतं. सायबेरियन आयरिसला लागतो तो खरा, लांबलेला हिवाळा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं देशाचे थंडीप्रमाणे विभाग पाडले आहेत. त्यांतल्या तिसऱ्या विभागात पारा उणे 34 ते उणे 40 अंश सेल्सियसपर्यंत उतरतो, आणि सायबेरियन आयरिस तिथेही तग धरतो. तिथपासून आठव्या विभागापर्यंत तो चांगला येतो. मिनियापोलिस, शिकागो, बॉस्टन, एडिसन, टोरंटो हे त्याचे प्रदेश. ब्रिटन आणि जर्मनीतही तो सुखात असतो.

मधोमध टक्कल का पडतं?

पाच-सहा वर्षांचं बेट वरून पाहा. कडेनं दाट पाती, भरपूर फुलं, आणि मध्ये चक्क रिकामी जागा. अनेकांना वाटतं रोग पडला. रोग नाही, ही त्याची वाढण्याची रीत आहे, आणि ती केळीवरून चटकन समजते. केळीचं एक झाड आयुष्यात एकदाच घड देतं आणि संपतं; पुढचा संसार बाजूला फुटलेली पिल्लं चालवतात. आयरिसचंही तसंच. पात्यांचा प्रत्येक पंखा एकदाच फुलाचा दांडा टाकतो. त्यानंतर त्या आडव्या खोडाचा तो तुकडा जुना होत जातो, त्याच्या बगलेतून नवे कोंब फुटतात आणि ते बाहेरच्या बाजूला सरकतात. वर्षं गेली की मधल्या जुन्या तुकड्यांचा एकमेकांत घट्ट गुंतलेला लाकडासारखा गोळाच काय तो उरतो.

फुलं कमी होऊ लागली किंवा टक्कल पडलं की बेट फोडायचं. ते हातानं सुटत नाही. दोन बागकामाचे काटे पाठीला पाठ लावून मधोमध खुपसायचे आणि दांडे एकमेकांपासून दूर ओढायचे. फारच घट्ट असेल तर करवत चालवायची. मधला मेलेला भाग टाकून द्यायचा, कडेचे जोमदार तुकडे ठेवायचे. प्रत्येक तुकड्यात किमान तीन-चार पंखे हवेत. अधिक रोपं मिळावीत म्हणून लोक एकेक पंखा वेगळा करतात, आणि मग तो फुलायला वर्षानुवर्षं लागतात किंवा उन्हाळ्यातच सुकून जातो.

सुरुवातीच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथे आहे. फोडून लावलेला आयरिस आधी मुळं आणि नवे पंखे तयार करतो. दुसऱ्या वर्षी थोडी फुलं, तिसऱ्या वर्षी बहर, हा त्याचा नेहमीचा क्रम. मधल्या काळात अधीर होऊन त्याची जागा बदलली, की हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू.

लावताना

उरलेलं अर्धं उत्तर उन्हात आहे. दिवसातून सहा तास तरी थेट ऊन लागतं. सावलीत पाती लांब, ढिली होतात आणि फुलांचा खर्च झाडाला परवडत नाही. खूप नत्र असलेलं खत दिलं तर तेही पात्यांतच जातं. वसंतात कोंब वर येताना कुजलेलं कंपोस्ट दोन-तीन सेंटीमीटर पसरलं की पुरे.

बाजारात दाढीवाला आयरिसही मिळतो. त्याच्या झुकत्या पाकळीवर केसांचा झुपका असतो. दोघांची निगा एकसारखी करणं ही मोठी गफलत ठरते. दाढीवाल्याचं आडवं खोड उघडं, उन्हात तापत राहायला हवं. ओलीत ते कुजतं. सायबेरियनचं खोड तीन ते पाच सेंटीमीटर मातीखाली हवं आणि मुळांना ओल हवी. मात्र हिवाळाभर पाणी साचून राहील असा खड्डा त्यालाही सोसत नाही.

माती किंचित आम्लधर्मी ते उदासीन असावी. चुनखडी जास्त असेल तर मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही आणि पाती पिवळी पडतात. नव्या घराच्या पायालगत सिमेंटचा चुरा मिसळलेली माती असते, तिथे हे झाड लावू नये.

चौकट: थोडक्यात निगा
- लागवड: ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, जमीन गोठायच्या किमान सहा आठवडे आधी; नाहीतर वसंताच्या सुरुवातीला.
- अंतर: दोन रोपांत 60 सेंटीमीटर.
- पाणी: लावल्यावर पहिलं वर्षभर माती सुकू द्यायची नाही. नंतर वसंतापासून फुलं संपेपर्यंत आठवड्याला साधारण अडीच सेंटीमीटर पाणी.
- फुलं संपल्यावर: बियांची बोंडं कापायची, पाती कापायची नाहीत.
- पहिल्या कडक हिमानंतर: वाळलेली पाती जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटरवर कापायची.
- खबरदारी: खोड आणि पाती विषारी; लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांना चघळू द्यायची नाहीत. हरणं दूर राहतात तीही याच गुणामुळे.

चौकटीतली दोन कामं जरा उलगडून सांगायला हवीत. बोंडं का कापायची? नावाचं प्रत्येक वाण हे एकाच मूळ रोपाचं फोडून फोडून वाढवलेलं रूप असतं. बी मात्र दोन पालकांच्या संकराचं असतं, त्यामुळे त्यातून येणारं रोप वेगळं निघतं. बी बेटातच पडून रुजलं तर काही वर्षांत पांढऱ्या वाणात जांभळी फुलं दिसू लागतात आणि लोक म्हणतात आयरिसनं रंग बदलला. रंग बदललेला नसतो, नव्या जोमदार रोपांनी जागा बळकावलेली असते.

दुसरं काम पहिल्या हिवाळ्याचं. नवीन रोपाभोवती जमीन गोठल्यानंतर पेंढा किंवा पाईनच्या काड्या पसराव्यात. यामागे झाडाला ऊब देण्याचा हेतू नसतो. मातीतलं पाणी गोठताना फुगतं आणि माती वर उचलली जाते. दुपारी वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. असं होत राहिलं की मुळं न धरलेलं रोप हळूहळू जमिनीबाहेर ढकललं जातं आणि उघडी मुळं वाऱ्यानं सुकतात. आच्छादनामुळे गोठलेली जमीन वसंतापर्यंत गोठलेलीच राहते.

कळलावीचं विष आणि दुप्पट गुणसूत्रं

वाणांचा इतिहास मला निगेइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात आपल्या ओळखीची एक वनस्पती येते.

आयरिस सिबिरिका आणि सँग्विनियाच्या प्रत्येक पेशीत 28 गुणसूत्रं असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची जवळजवळ सगळी बागेतली वाणं याच 28 च्या घरातली. कॅनडात माँट्रियलच्या क्लीव्हलँड मॉर्गन यांचं 'सीझर्स ब्रदर' 1932 सालचं. तिथल्या कला संग्रहालयासाठी वस्तू जमवणारा हा माणूस घरी आयरिस वाढवायचा. त्याचं हे गडद जांभळं वाण नव्वद वर्षांनंतरही रोपवाटिकांत मिळतं. 1957 साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॅसबीअर यांचं 'व्हाइट स्वर्ल' आलं. तोवरच्या फुलांच्या पाकळ्या खाली लोंबायच्या. याच्या आडव्या, गोल पसरल्या. त्यानंतरच्या असंख्य वाणांच्या वंशात ते आहे.

पुढची उडी एका संधिवाताच्या डॉक्टरनं मारली. करियर मॅकइवन न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. पुढे मेन राज्यातल्या समुद्रकाठच्या घरी त्यांनी आयरिसचे संकर केले. गाउटच्या, म्हणजे सांध्यांत युरिक आम्लाचे खडे साचण्याच्या आजारावर कोल्चिसीन हे फार जुनं औषध आहे. संधिवाताच्या डॉक्टरला ते रोजच्या परिचयाचं. युरोपात ते कोल्चिकम नावाच्या कंदापासून मिळतं. तेच द्रव्य आपल्या कळलावीत असतं. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीत कुंपणांवर चढणारी, ज्वाळेसारख्या लालपिवळ्या पाकळ्यांची, घरातली मोठी माणसं हात लावू देत नाहीत ती कळलावी. तमिळनाडूत तर औषधासाठी तिची शेती होते.

हे विष पेशीत काय करतं? पेशी दुभंगण्याआधी गुणसूत्रांची नक्कल तयार होते. मग सूक्ष्म धागे त्या दोन प्रती दोन बाजूंना ओढतात आणि मध्ये भिंत पडते. कोल्चिसीन हे धागे बनूच देत नाही. नक्कल झालेली असते, पण वाटणी होत नाही. एकाच पेशीत दुप्पट गुणसूत्रं राहून जातात. ब्लेक्सली आणि एव्हरी या संशोधकांनी 1937 साली वनस्पतींवर हा उपाय दाखवून दिला. मॅकइवन यांनी नुकत्याच रुजलेल्या आयरिसच्या बियांवर तो वापरला. बहुतेक रोपं मरतात. जी जगतात त्यांतही काहींच्या थोड्याच पेशी बदललेल्या असतात. त्यातून निवडत निवडत 1970 च्या सुमारास 56 गुणसूत्रांची पहिली सायबेरियन वाणं नोंदवली गेली. एकाचं नाव 'ऑर्व्हिल फे', दुसऱ्याचं 'फोरफोल्ड व्हाइट'. मॅकइवन 1902 ते 2003 असे एकशे एक वर्षं जगले.

दुप्पट गुणसूत्रांच्या पेशी मोठ्या असतात. त्यामुळे फूल मोठं, पाकळी जाड, रंग भरीव, दांडा कणखर. मॅकइवन यांचं 'सिल्व्हर एज' हे याचं सुंदर उदाहरण: निळी पाकळी आणि कडेला रुपेरी किनार. पण त्यांचंच 'बटर अँड शुगर' हे साधं 28 गुणसूत्रांचं वाण मला अधिक मोलाचं वाटतं. त्याआधी पिवळ्या छटेची फुलं उमलून लगेच फिकी पडायची. याची खालची पाकळी लोण्याच्या रंगाची राहते, वरच्या पांढऱ्या. अमेरिकन आयरिस सोसायटीचं सायबेरियन आयरिससाठीचं सर्वोच्च मॉर्गन-वुड पदक 1986 साली पहिल्यांदा दिलं गेलं, ते याच वाणाला.

कोणतं लावावं, कुणी लावू नये

पहिल्यांदा लावणाऱ्यानं 'सीझर्स ब्रदर' घ्यावं. ते सगळीकडे मिळतं, स्वस्त असतं आणि चुका पोटात घालतं. त्याच्याजवळ 'बटर अँड शुगर' लावलं तर जांभळा आणि लोणी रंग एकमेकांना खुलवतात. नव्या मोठ्या फुलांची वाणं देखणी आहेत, पण वाऱ्यावर हलणारं हलकं फूल हाच सायबेरियन आयरिसचा खरा डौल, आणि जड पाकळ्यांत तो थोडा हरवतो, असं माझं मत आहे.

ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्यांनी याचा नाद सोडून लुइझियाना आयरिस लावावा. उष्ण, दमट हवा त्याच्या घरचीच आहे. आणि महाराष्ट्रातल्या बागेसाठी याच कुळातला ग्लॅडिओलस आहे, त्याला हिवाळ्याची वाट पाहावी लागत नाही. सुटकेसमध्ये आयरिसचा तुकडा घालून भारतात आणू नका: परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसेल तर कायद्यानं तो आणता येत नाही, आणि आणलाच तरी पुण्यात फुलणार नाही.

थंड देशात राहत असाल तर रोपवाटिकेत जाण्याआधी शेजारच्या त्या म्हाताऱ्या जोडप्याकडे जा. त्यांच्या बेटाला मधोमध टक्कल पडलं असेल तर ते फोडायला हात लागणारच आहेत. सप्टेंबरात काटा घेऊन मदतीला जा आणि चार पंख्यांचा एक तुकडा मागून घ्या.